सातवी विहीर

लॅपटॉपवर पुन्हा तेच. उत्तर निघत नाही, सातव्या ओळीत सगळे शून्य.

उद्या अकोल्याला विज्ञान प्रदर्शन, आणि आचलचं गणित काही सुटेना. गावच्या प्रत्येक विहिरीला तिनं मॅट्रिक्समधली एकेक ओळ दिली होती. एकीवर मोटर लावली की दुसरीचं पाणी किती उतरतं, तो आकडा त्या ओळीत. बार्शीटाकळीच्या रस्त्यापासून नाल्यापर्यंत दारोदार विचारून भरला होता. सातव्या विहिरीचं नाव काढलं की मात्र जो तो म्हणे, "आमाले नाही माईत बाप्पा."

"बुजवलेली विहीर कायले घेतं? काढून टाक न," आई म्हणाली.

काढूनही पाहिली होती. उत्तर झटक्यात आलं, आणि साफ चुकलं. आचलनं स्वतः दोर सोडून मोजलेल्या पाण्याशी एकही विहीर जुळेना.

तेवढ्यात शेजारची मैनामावशी आली. बसायच्या आधी तिनं पाणी मागितलं. गावात कुणाच्याही घरी जावो, तिला पहिलं पाणी लागे.

"मावशीच्या पोटात नाला हाये," आई हसली आणि घरच्या विहिरीचं पाणी माठातून काढून दिलं.

गिलास रिकामा करून मावशी लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकली. "हे काय करून राहिली वं?"

आचलला सांगायला कुणीतरी हवंच होतं. "ह्या साऱ्या आपल्या विहिरी, मावशी. कोनती कोनाशी जोडली हाये ते आकडे. अन् ही सातवी. हिले कोनीच नाही. एकटीच हाये."

"आचल, बंद कर ते," आई म्हणाली.

सातवी विहीर मैनामावशीच्या वावरातली. तिची लेक रागिणी तिच्यात बुडाली तेव्हा आचल पाळण्यात होती. ऐकून ठाऊक होतं तिला सगळं. बोलण्याच्या भरात ध्यानातच राहिलं नाही.

मावशी रागावली नाही. "एकटी कावून असन ते? लिही. पोरगी सापडत नव्हती म्हनून माह्या विहिरीवर गावच्या साऱ्या मोटरी लावल्या होत्या. दिवसभर उपसलं. तिचं पानी हटेच ना. अन् तिकडं नत्थुजीची विहीर उतरली. शाळेमागची उतरली. तुमच्या विहिरीचा तं गाळ दिसाले लागला. साऱ्यायनं पाह्यलं हाये. कोनी बोलत नाही, इतकंच."

मावशी एकेक विहीर सांगत गेली, कोणती किती उतरली तेही. आचल भरत गेली. सातव्या ओळीत भरलेला आकडा त्या-त्या विहिरीच्या ओळीतही भरावा लागे, तो नियमच होता.

तिनं बटण दाबलं. उत्तर आलं. दोराच्या मापाशी विहिरीमागून विहीर जुळत गेली.

उड्या मारायच्या ठरवल्या होत्या तिनं. पण तिनं लॅपटॉप मावशीकडे वळवला. "जुळलं, मावशी. आता ते साऱ्यायच्या ओळीत हाये."

मैनामावशीनं मान हलवली. रिकामा गिलास आईपुढे धरला.

"दे अजून थोडं."

आईनं गिलास घेतला, माठावरचं झाकण काढलं. घरच्याच विहिरीचं पाणी. पण गिलास काही तिला पाण्यात बुडवता येईना.