दुसरी सुई

“भाऊ-बहीन माझी एका येलाच्या काकड्या, एकीला ऊन लागं, दोघी होत्यात वाकड्या...” खुरपता खुरपता आई म्हणायची. तो आवाज मातीआड होऊनही आता कैक वर्षं झाली. राहुरीच्या गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर आजारी कुत्र्याला, हौशाला, मांडीवर घेऊन बसलेल्या एलिझाबेथच्या कानात तो आज उगाच घुमत होता.

आत तिचा धाकटा भाऊ, डॉक्टर अब्राहाम. पाहून न पाहिल्यासारखं करत त्यानं आधी म्हशी उरकल्या, सावकाश हात धुतले आणि मग म्हणाला, “या बाई.”

अक्का नव्हे, बाई.

त्यानं कुत्र्याचा ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक, कानांत गोचिडांचे घोस. लघवी लाल होते का, विचारलं. तिनं मान हलवली. गोचीडताप.

बहिणीच्या नवऱ्याच्या मातीला यायला सवड नव्हती, कुत्र्याचे कान चाचपायला बरी आहे, असं ती त्याला ऐकू जाईल इतक्याच हळू पुटपुटली. कुत्री निदान स्वतःहून दारात येतात, माणसांना सांगावा धाडावा लागतो, तो तुम्ही धाडला नाहीत, असं त्यानं सुनावलं.

कपाटातून त्यानं काचेची कुपी काढली. लढाईपायी मुंबईहून माल येत नव्हता. एवढी एकच उरली होती. औषध कसलं, विषच हे, त्यानं बजावलं. एकदा दिलं तर ताप मारतं. लगोलग पुन्हा दिलं तर जनावर मारतं.

“आधी कुणी सुई दिलीय?”

“न्हाई.”

कालच ती याच दवाखान्यावरून पुढं नगरला गेली होती, लष्कराच्या कॅम्पातल्या घोड्यांच्या डॉक्टरकडं. तिथल्या सुईनंतर हौशा रात्रभर थरथरत होता. सकाळी त्याला उभंही राहवेना. तिच्या वस्तीवर तिच्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच उरलं होतं. कॅम्पातल्या मेल्यानं नुसतं पाणी टोचलं असंल, अशी तिनं वाटभर मनाची समजूत घातली होती.

“लाळ का गळतेय एवढी?”

“दमलाय.”

“कुत्रं दमतं. तुम्ही नाही दमलात, वर्षभर तोंड फिरवून?”

त्यानं सुई भरली. मानेवरची कातडी चिमटीत धरली. हौशानं कष्टानं मान वळवली आणि त्याचं मनगट चाटलं. अब्राहामचा हात क्षणभर थांबला; मग सुई खाली आली.

एलिझाबेथनं ते मनगट धरलं. घट्ट.

“काल टोचलीय,” ती म्हणाली. “नगरला. तुझं दार वलांडून गेल्ते, आब्रा. तुझ्या हातानं ह्यो बरा झाला असता, तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं मला.”