बायोडेटातला ब्लॉग

मुलीच्या लग्नाच्या बायोडेटात, वडिलांच्या माहितीखाली, मी गुपचूप माझ्या ब्लॉगचा पत्ता घातला. नऊ वर्षांत अकरा वाचक मिळाले होते, त्यांत बायको नव्हती. आता मात्र आमचं घर कसं आहे हे बघायला येणारं प्रत्येक स्थळ मामा-आत्यांसकट ब्लॉग वाचू लागलं. पाच स्थळांत आकडा दोनशेवर गेला.

कऱ्हाडचं सहावं स्थळ मुलीला पसंत पडलं. मी म्हणालो, "एवढी घाई कशाला? अजून दहा-बारा बघू की!"

"बाबा, मला लग्न करायचंय. वाचक तुम्हाला जमवायचेत."

पुढच्या रविवारी तिनेच मुलाच्या वडिलांना बोलणी करायला बोलावलं. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "हुंडा, मानपान, आम्हाला काही नको. तुमचे सगळे लेख मी वाचलेत."

"सगळे?" मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

"अगदी पहिल्यापासून. आता एकच विनंती. मीही ब्लॉग लिहितो. नऊशे बारा लेख झालेत. तेवढे तुम्ही वाचा, मग तारीख काढू."

मुलगी उठली, आत गेली आणि माझा वाचायचा चष्मा घेऊन आली.