तोंड न दिसणारा आरसा

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत, फराळाला माणसं यायच्या आधी, वीणाने चिंच कोळली, तीत मूठभर मीठ घातलं आणि नवऱ्याचा आरसा सिंकमध्ये आडवा केला.

हजारो वर्षांपूर्वीचा, इजिप्तचा. ब्राँझची वाटोळी चकती, खाली दांडा, दांड्यावर गाईच्या कानांची देवी. सगळ्यावर हिरवं पुट. टेक्सासच्या शुगर लँडमधल्या झाडून सगळ्या मराठी पाहुण्यांना डॉक्टर चारुदत्तने बजावलं होतं, "हात नका लावू हं. ते हिरवं आहे ना, तीच त्याची व्हॅल्यू. ते गेलं की संपलं."

आज म्युझियमचा माणूस तो बघायला यायचा होता. पसंत पडला, तर काचेच्या कपाटात आरसा आणि खाली डॉक्टरांचं नाव. दसऱ्यापासून स्वारी जमिनीवर नव्हती.

वीणा दसऱ्यापासून गप्प होती. ती किराणा आणायला गेली असताना त्याने जुन्या सामानाचा गॅरेज सेल लावला आणि तिच्या आईची फणेरपेटी कुणाला तरी देऊन टाकली. तिच्या झाकणातल्या आरशात बघून आई कुंकू लावायची. आई गेल्यावर वीणाने तेवढीच पेटी मागून घेतली होती, विमानात मांडीवर ठेवून आणली होती.

"अगं, पारा उडालेला आरसा," तो हसला होता. "तोंडसुद्धा दिसत नव्हतं त्यात. जंक होतं ते."

वीणा घासत राहिली. हिरवं पाणी नळाखाली वाहून गेलं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

संध्याकाळी चकल्यांच्या ताटाशेजारी आरसा नुसता झळझळत होता. म्युझियमच्या माणसाने पुढे केलेला हात मागे घेतला. "ओह, नो," तो हळूच म्हणाला.

"वीणा! काय केलंस हे?" चारुदत्तचा आवाज फाटला.

"अहो, दिवाळीला तांब्या-पितळेचं घासतोच की आपण," फराळाला आलेल्या मालिनीकाकू कौतुकाने म्हणाल्या. "काय लखलखतोय!"

वीणाने आरसा दांड्याला धरून उचलला आणि नवऱ्यापुढे धरला.

"तोंडसुद्धा दिसत नव्हतं हो त्यात," ती म्हणाली. "आता बघा."

त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा स्वच्छ दिसत होता.