पडलेला सेन्सर

सकाळी भाऊ गॅरेजच्या शिडीवरून पडला, डोकं फरशीवर आपटलं, पण हसत उठला आणि कामाला लागला. ताईचा जीव तेव्हापासून टांगणीला लागलेला. लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली ती धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर उतरवत होती. तो वायरीवर लोंबकळू नये म्हणून तिने आधी त्याचा सेन्सर सोडवला, आणि नेमका तोच हातातून निसटून पडला. भावाने उचलून पुसला. “ओरखडासुद्धा नाही, ताई. बसव.” “पडलेला सेन्सर वरून ठणठणीतच दिसतो, आतून तडकलेला असतो. फेकून दे, नवा आण,” ती खेकसली. तो कपाटापाशी जाऊन घुटमळला. “ताई, काय आणायचं होतं?” जुना सेन्सर त्याच्या मुठीतच होता.  पाना टाकून ताईने त्याचा दंड धरला. “दवाखान्यात चल.” “मला काय धाड भरलीय?” तो हसला. “बघ, ओरखडासुद्धा नाही.”