एका मिनिटात उत्तर

“या पानावरून आपोआप उत्तर जाऊ देऊ नकोस हं,” असं नुआला म्हणाली होती, आणि ज्ञानदा हसली होती.

नुआला आयर्लंडमधल्या किलकेनीतल्या एका छोट्या वकिली फर्मच्या रिसेप्शनवर बावीस वर्षं बसलेली. त्या फर्मची नवी वेबसाइट ज्ञानदा घरी बसून, लेकीच्या झोपेच्या वेळा सांभाळत करत होती.

“अगं, फॉर्म भरणाऱ्याला एका मिनिटात ईमेल गेली नाही तर तो दुसरा वकील शोधतो,” तिने समजावलं होतं.

“घर विकणारा शोधेल. कौटुंबिक कायद्याच्या पानावर येणारी बाई वेगळी असते.”

“इट विल बी ग्रँड,” ज्ञानदा म्हणाली होती. आयर्लंडमधल्या दोन वर्षांत ‘होईल सगळं ठीक’ अशा अर्थाचं हे तिथलं वाक्य तिच्या तोंडात छान बसलं होतं.

साइट शुक्रवारी सुरू झाली. कौतुकाने तिने लिंक मराठी मंडळाच्या ग्रुपवरही टाकली. अकरा अंगठे आले.

सोमवारी सकाळी ती इराला वरणभात भरवत होती. पहिला आठवडा फॉर्म नीट चालतोय का बघायला प्रत्येकाची प्रत तिच्याकडे येत असे. लॅपटॉप वाजला. विषय: नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा कोर्टाचा आदेश. गाव: लेटरकेनी. नाव: शर्वाणी.

गणपतीत तिच्याशेजारी बसून मोदकांना कळ्या पाडणारी शर्वाणी. गावातला वकील नको, चार तास लांबचा बरा, असं वाटलं असणार तिला.

फोनची जागा रिकामी होती. ईमेलची रिकामी सोडता येत नव्हती, ती सक्ती ज्ञानदानेच घातलेली. तिथे चारुदत्त आणि शर्वाणी, दोघांच्या नावांचा मिळून एकच पत्ता होता. लग्नात आहेराबरोबर आल्यासारखा हा जोडपत्ता अनेकांचा असतो, ज्ञानदाचाही होता. खाली एकच ओळ: “कृपया उत्तर पाठवू नका. मीच फोन करेन.”

उत्तर गेलं होतं. अकरा चाळीसला फॉर्म, अकरा एक्केचाळीसला उत्तर. विषयाच्या ओळीत आदेशाचं नाव, ठळक.

“नो मोअर, मॅमी,” इरा म्हणाली. हातातला घास तसाच होता.

तिने शर्वाणीला फोन लावला. तिसऱ्या रिंगला चारुदत्तने उचलला.

“हां ज्ञानदा, बोल ना.”

“शर्वाणी आहे?”

“आहे ना. आंघोळीला गेलीय. काही काम होतं?”

“नाही रे, अनारशाच्या पिठाचं विचारायचं होतं.”

“विचार की नंतर.”  मागे नळाचा आवाज नव्हता. कसलाच आवाज नव्हता. “बाय द वे, वेबसाइट मस्त केलीयस. आत्ताच बघितली. खाली तुझं नावपण आहे.”

फोन ठेवल्यावर तिने नुआलाला सगळं सांगितलं. ‘मी म्हटलं होतं’ असं नुआला म्हणाली नाही. तिने तिकडच्या पोलिसांना फोन केला. तासाभराने त्यांचा निरोप आला: दार बाईंनीच उघडलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, मागे नवरा उभा होता, चहा घेता का विचारत होता.

ज्ञानदाने साइटवरचं ते आपोआप उत्तर काढून टाकलं. दोन क्लिकचं काम होतं.

शर्वाणी हे तिचं खरं नाव नाही. पण लेटरकेनीत, किंवा तुम्ही राहता तिथे, जिचा फोन हल्ली नवराच उचलतो अशी कोणी ओळखीची असेल, तर आज तिच्या घरी जाऊन या. फोन करून जाऊ नका. डब्यात काहीतरी न्या, शिरा चालेल. डबा तिच्याच हातात द्या आणि तिथेच ठेवून या. म्हणजे उद्या तो परत न्यायला पुन्हा जाता येईल.