नानासोंचा जुडगा

लोणंदच्या एका दूध संघात हेडक्लार्क होते नानासो. शनिवारी सुट्टी झाली, की कुलूप दिसेल तिथं स्वतःच्या हातानं किल्ली फिरवायची आणि जुडगा कमरेला खोचून देवळात कीर्तनाला बसायचं, हा त्यांचा नेम.

सोमवारी संघाचा नवाकोरा कॉम्प्युटर सुरूच होईना. पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि गाडं तिथंच अडायचं. नेमकी त्याच दिवशी तो चालवायला घेतलेली प्रियदर्शनी नोकरीत कायम व्हायची होती.

"साताऱ्याला कोर्स केलाय म्हणं! आमची म्हस बसवली असती, तर तिनं बी चालू केला असता!" नानासो सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले. परवाच्या कीर्तनात बुवांनी अहंकारावर निरूपण केलं, तेव्हा मान डोलवून डोळे पुसणारे हेच ते.

"नानासो, कुठलं तरी कुलूप लागलंय, असं पडद्यावर येतंय."

"कुलपाचं मला शिकवतीस व्हय? तीस वर्षांत एक कुलूप उघडं ऱ्हायलं न्हाई माझ्याकडनं!" त्यांनी कागदावर शेरा खरडला : 'मशीन बंद पाडले. निष्काळजी. कायम करू नये.' "चालू झालं, की तुझ्याच हातानं टाइप कर ह्ये."

दुपारी पुण्याहून मेकॅनिक आला. कॉम्प्युटरच्या डब्यावरचं इवलंसं कुलूप बघून त्यानं नुसता हात पुढं केला. नानासोंच्या जुडग्यातली सगळ्यात धाकटी किल्ली फिरली आणि मशीन सुरू झालं.

प्रियदर्शनीनं शेऱ्याचा कागद समोर घेतला.



"नानासो, नाव कुणाचं घालू?"