टोस्टर कसा साफ करावा

ताईच्या हातावरचा हा तिसरा चटका. "टोस्टर साफ करताना बसला गं," ती म्हणाली. "वेंधळी ती वेंधळीच!" म्हणत आईने मलम लावलं आणि तिची सासरी पाठवणी केली. धाकटीला मात्र राहवेना. शनिवारी शाळा सुटताच ती तडक ताईकडे धडकली आणि बाईंच्या थाटात सुरूच झाली, "आधी प्लग काढायचा, मग त्याला थंड होऊ द्यायचं, मगच खालचा ट्रे ओढून चुरा झटकायचा. कळलं का, ताईसाहेब? थांब, करूनच दाखवते!"

"नको गं, हे घरात आहेत," ताई पुटपुटली.

ऐकेल ती धाकटी कसली! ओट्यावर टोस्टर दिसेना, तशी स्टुलावर चढून तिने माळ्यावरून खोका काढला. लग्नात मामाने दिलेला. त्यावरची दुकानातली चिकटपट्टी अजून कुणी उचकटलीच नव्हती.